बाय-ॲम्पिंगच्या नावाखाली माझे ६८,५०० गेले

गेलो होतो दोनशे रुपयांची आरसीए केबल आणायला, सीडी प्लेअर ॲम्पला जोडतात ती. मडगावात एक दुकान आहे, नाव लिहीत नाही, जुने ॲम्प (ॲम्प्लिफायर), स्पीकर, टेप वगैरे ठेवतो. गेल्या गणेश चवथीच्या आधीची गोष्ट. मी फोंड्याचा, घरी दोन मोठे फ्लोअरस्टँडिंग स्पीकर आहेत २००९ साली सेकंडहँड घेतलेले, आणि ८० वॉटचा एक साधा स्टिरिओ ॲम्प. बरं चाललं होतं. बोलता बोलता मी त्याला स्पीकरचं मॉडेल सांगितलं आणि तो म्हणाला, बाब, तुमचे स्पीकर अर्देच वाजतात, बाय-ॲम्प करून पळयात, म्हणजे बघा.

बाय-ॲम्प म्हणजे एका स्पीकरला दोन ॲम्प, खालचे जाड सूर वाजवणाऱ्या वूफरला वेगळा आणि वरचे बारीक सूर वाजवणाऱ्या ट्वीटरला वेगळा. त्यासाठी स्पीकरच्या मागे टर्मिनलच्या दोन जोड्या लागतात, त्यांच्या मधे पितळी पट्ट्या असतात त्यांना जंपर म्हणतात, ते काढायचे आणि दोन्हीकडे वेगवेगळी वायर लावायची. दुकानात त्याच्याकडे तसे स्पीकर होते. मंगेशीच्या अभिषेकीबुवांचं नाट्यगीत लावलं, आधी एका ॲम्पवर, मग "आतां दोन". आणि काय सांगू, तंबोरा एकदम अंगावर आला, शब्द न् शब्द सुटा. मी तिथेच गार. आता कळतं की दुसरा ॲम्प चालू करताना त्याचा हात व्हॉल्यूमवर होता. ट्वीटरकडचा ॲम्प जरा वर ठेवला की वरचे सूर चमकतात आणि माणसाला वाटतं डिटेल वाढलं. आवाज थोडासा जरी मोठा झाला तरी कान त्यालाच जास्त चांगला म्हणतो, ही युक्ती मला वाचून माहीत होती हो, पण त्या वेळी डोक्यात अभिषेकीबुवा होते.

माझ्या स्पीकरला टर्मिनलची एकच जोडी. तो म्हणाला काळजी नको, मॉडिफिकेशन करून देतो, दोन्ही स्पीकरचे ९,००० रुपये. माझ्याच मॉडेलचा दुसरा ॲम्प ३८,०००, "मॅचिंग लागतो". स्पेशल केबल १४,०००. बिल मागितलं तर एस्टिमेट लिहिलेला कागद दिला आणि म्हणाला, पक्कं केलं तर जीएसटी पडेल, तुमचंच नुकसान. इथेच उठायला पाहिजे होतं, पण उठलो नाही. पैसे थोडे यूपीआयवर, बाकी कॅश.

माणूस येऊन स्पीकर घेऊन गेला, चार दिवसांनी आणून जोडून दिले. मागे चकचकीत सोनेरी टर्मिनलच्या दोन जोड्या, जंपर काढलेले, एकाचे दोन करणाऱ्या वाय केबलने सीडी प्लेअरचा सिग्नल दोन्ही ॲम्पना. म्हणजे व्हॉल्यूमची दोन बटणं! गाणं लहान-मोठं करायचं तर उठून दोन्ही सारखी फिरवायची, बायको म्हणाली हे काय हार्मोनियम घेतलंय का. आवाजात फरक? मी स्वतःला सांगत होतो आहे म्हणून. पण खरा फरक एकच, दोन्ही ॲम्प तव्यासारखे तापायचे, आणि जरा मोठ्याने लावलं की पंधरा-वीस मिनिटांत टक् करून प्रोटेक्शनमधे जायचे, म्हणजे जळू नये म्हणून आपोआप बंद पडायचे.

फोन केला तर म्हणाला तुमच्या भागात पावसात करंट वरखाली होतो, स्टॅबिलायझर घ्या. घेतला, ७,५००. फोंड्यात पावसात लाइट कशी असते सगळ्यांना ठाऊक, म्हणून पटलंही. तापायचं काही थांबलं नाही, एकूण हिशोब मात्र ६८,५०० वर गेला.

दिवाळीत भाचा आला, आयटीआय इलेक्ट्रॉनिक्स केलेला. त्याने ॲम्पच्या सगळ्या वायरी सोडवल्या, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवला (दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो) आणि एक टोक वरच्या लाल टर्मिनलला, दुसरं खालच्या लालला लावलं. बीप. काळ्याला काळं, तिथेही बीप. "मामा, हें कितें?" जंपर तर काढलेले, मग लालला लाल वाजायलाच नको. खरोखर वेगळं केलेल्या स्पीकरला खालच्या लाल-काळ्यात वूफरचे चार ते सात ओहम दिसतात, आणि वरच्या जोडीत बहुतेक वेळा मीटर काहीच दाखवत नाही, कारण ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर असतो आणि तो डीसी अडवतो. आम्ही मागची प्लेट खोलली. आत दोन्ही जोड्या तांब्याच्या छोट्या तुकड्याने एकमेकांना जोडलेल्या, आणि क्रॉसओव्हरकडे, म्हणजे वूफर-ट्वीटरचे सूर वेगळे करणाऱ्या सर्किटकडे, जाणारी वायर जुनीच, एकच. ९,००० रुपयांत त्याने भोकं पाडून नट बसवले होते. बस्स.

म्हणजे माझे दोन्ही ॲम्प आउटपुटला एकमेकांवर बांधलेले. एकाचं बटण केसभर वर असलं की तो स्पीकर सोडून दुसऱ्या ॲम्पमधेच करंट ढकलणार, म्हणून ते तापणं. दोन्ही जळले नाहीत हे मंगेशाचीच कृपा. तुमच्याकडे खरे चार टर्मिनलवाले स्पीकर असले तरी एक लक्षात ठेवा, दोन ॲम्प लावून जंपर काढायचे विसरलात तर हेच होतं.

यात भाच्याने एक बोलून टाकलं ते मला जास्त लागलं. म्हणाला मामा, त्याने काम इमानदारीने केलं असतं तरी तुम्हाला फारसं काही मिळालं नसतं. स्पीकरच्या आतला क्रॉसओव्हर तसाच राहतो, दोन्ही ॲम्प पूर्ण सिग्नलच वाढवत बसतात, आणि जितक्या व्होल्टेजला एका ॲम्पचा आवाज फाटतो तितक्यालाच दुसऱ्याचाही फाटतो, ८० आणि ८० मिळून १६० असं होत नाही. आणि झालंच १६० तरी दुप्पट पॉवर म्हणजे ३ डेसिबल, कानाला दुप्पट वाटायला साधारण १० लागतात, म्हणजे दहापट पॉवर. खरा फायदा ॲक्टिव्हमधे, क्रॉसओव्हर ॲम्पच्या आधी आणि आतला काढून टाकलेला, पण तो उद्योग वेगळा, सेटिंग जमलं नाही तर ट्वीटर उडतो. मग त्याने जुना एकच ॲम्प जोडून मी नेहमी ऐकतो तेवढ्या आवाजावर स्पीकरला मीटर लावला. दोन व्होल्टच्या आसपास. आठ ओहमचा स्पीकर धरला तर अर्धा वॉट! अर्ध्या वॉटवर गाणं ऐकणारा माणूस मी, आणि १६० आणायला मडगावला.

स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे घेतले, टाइल्सवर एक जाड सतरंजी टाकली, दमट हवेने हिरवट पडलेली ॲम्पची टर्मिनलं घासून घेतली. घुमणारा तबला जागेवर आला. खर्च सतरंजीचा.

दुकानदाराकडे गेलो. आधी म्हणाला तुम्हीच खोलून काहीतरी केलं असेल. प्लेट खोलतानाचा व्हिडिओ दाखवल्यावर ९,००० परत केले, चहा पण सांगितला, बाकीचं "माल विकला, वापरला, आता काय करू". १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे तक्रार घातलीय, पण पुरावा म्हणून हातात यूपीआयची अर्धी रक्कम आणि तो एस्टिमेटचा कागद, ज्यावर दुकानाचा शिक्कासुद्धा नाही. कुणाचं असं झालं असेल तर दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात जाता येतं, पाच लाखांपर्यंत फी नाही, पण पक्कं बिल असेल तर सोपं जातं.

दुसरा ॲम्प विकायला काढलाय. सगळ्यात आधी फोन कुणाचा आला असेल? त्याच दुकानातल्या पोऱ्याचा. १२,००० म्हणाला.