डिशवॉशर बसवायला आलेला माणूस

बी.एस्सी.ला माझा विषय रसायनशास्त्र होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना ‘एवढंही कळलं नाही का हिला?’ असं कुणाच्याही मनात येणार. माझ्या मनात तर ते रोज येतं.

आम्ही पुण्याजवळ वाघोलीला राहतो. सोसायटीला पाणी बोअरचं, आणि फेब्रुवारी उजाडला की टँकरचं. नळाच्या तोंडाशी पांढरी पुटं, बादलीला पांढरी कड, गीझरची कॉइल दोन वर्षांत गेलीच म्हणून समजा. शाळेत याला दुष्फेन पाणी म्हणायचे, आमच्याकडे सगळे ‘खारं पाणी’ म्हणतात. त्यात आमच्या भांडीवाल्या मावशी लेकीच्या बाळंतपणाला गावी गेल्या, दोन महिने झाले तरी परतायचं नाव नाही. मग बरीच वर्षं नुसत्या चर्चेत असलेला डिशवॉशर शेवटी घेतला. सासूबाईंना ते अजिबात पटलं नव्हतं. “खरकटं आत कोंडून ठेवायचं आणि त्याला स्वच्छता म्हणायचं,” एवढं बोलून त्या टीव्हीकडे वळल्या.

शनिवारी संध्याकाळी खोकं घरी आलं. दुकानदार म्हणाला होता, कंपनीचा माणूस दोन दिवसांत येईल, बसवणं आणि डेमो फुकट असतो. मला दोन दिवस धीर धरवला नाही. रविवारी सकाळी ओट्यावर आदल्या रात्रीची भांडी, सिंक काठोकाठ भरलेलं, आणि कोपऱ्यात नवं कोरं मशीन खोक्यात बसलेलं. मोबाइलवर कंपनीचं नाव आणि ‘कस्टमर केअर’ असं टाकलं, पहिला जो नंबर दिसला तो लावला. त्या नंबराच्या वर बारीक अक्षरात ‘जाहिरात’ लिहिलं होतं, ते नंतर दिसलं. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती, कंपनीच्या हेल्पलाइनवर पहिल्या रिंगला कुणी उचललेलं तुम्ही कधी ऐकलंय?

दीड तासात माणूस दारात. तिशीचा, बोलायला गोड, अंगात कंपनीच्या रंगाचा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र. ते ओळखपत्र सारखं उलटं फिरत होतं आणि मला काही ते सरळ करून बघायला सुचलं नाही. काम मात्र त्याने झकास केलं, हे मान्य करायलाच हवं. वीस मिनिटांत पाण्याचा पाइप जोडला, सांडपाण्याची नळी सिंकखाली वर उचलून बांधली, लेव्हल लावून मशीनचे पाय समान केले. जाताना हात धुऊन ओटासुद्धा पुसला. अशा माणसावर संशय घ्यायचा तरी कसा?

मग त्याने पिशवीतून पेनासारखा टीडीएस मीटर काढला, पाण्यात किती पदार्थ विरघळलेत ते दाखवणारा. “ताई, पाणी कुठलं तुमचं?” नळाच्या पाण्यात बुडवला, ७८० आला. आमच्या आरओच्या पाण्यात बुडवला, ६० आला. “बघा. हे पाणी मशीनमध्ये गेलं तर सहा महिन्यांत हीटर जाणार, आणि वॉरंटीत ते बसत नाही.”

त्यानंतर आला खरा खेळ. दोन काचेचे ग्लास मागितले, एकात नळाचं पाणी, एकात आरओचं. एका प्लास्टिकच्या डबीला खाली चार दांड्या होत्या, दोन या ग्लासात, दोन त्या ग्लासात. प्लग लावला. नळाच्या पाण्यात बुडबुडे सुटले, दांडीभोवती हिरवट धूर उतरल्यासारखं काहीतरी पसरलं, आणि मिनिटा-दोन मिनिटांत सगळा ग्लास गढूळ तपकिरी. वर काळपट फेस. आरओचा ग्लास जेमतेम पिवळसर. सासूबाई टीव्ही सोडून उठून आल्या. “अगं बाई, हे पितो आपण?” “पीत नाही आजी, पण भांडी यातच धुता ना!” तो म्हणाला. सासूबाईंचा चेहरा पाहून माझा उरलासुरला विचारही संपला.

आता त्या ग्लासात काय झालं ते सांगते, कारण हा प्रयोग फक्त डिशवॉशरवाले करत नाहीत, आरओ विकणारे कित्येक वर्षं करत आले आहेत. त्या दांड्यांपैकी एक लोखंडाची असते, दुसरी बहुधा ॲल्युमिनियमची. पाण्यातून वीज गेली की लोखंडाची दांडी झिजते आणि तिचाच गंज पाण्यात उतरतो. हिरवट रंग लोखंडाचा, तपकिरी रंगही लोखंडाचा. पाण्यातली घाण त्यात दिसत नाही, दांडी दिसते. आरओच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून वीज कमी वाहते, म्हणून दांडी कमी झिजते, बस. त्याच आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं असतं तर तोही तसाच चिखल झाला असता. विद्युत अपघटन. मी परीक्षेत यावर आकृतीसह उत्तर लिहिलेलं आहे.

टीडीएसचंही तेच. तो मीटर पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून एकूण विरघळलेल्या पदार्थांचा आकडा सांगतो. पाण्याचा कठीणपणा म्हणजे त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, आणि ते त्या आकड्यात वेगळं कळत नाही. तुमचं पाणी खरोखर कठीण असू शकतं, आमचं आहेच. पण ते मोजायला कागदी पट्टी नाहीतर थेंबांचं किट लागतं, पेन नाही.

तर, त्याने मला काय विकलं? ‘इम्पोर्टेड सॉफ्टनर’ म्हणून, म्हणजे पाणी मऊ करणारं म्हणून, पाइपच्या आधी लावायचं एक पांढरं प्लास्टिकचं नळकांडं, आत काचेच्या गोट्यांसारखे गोळे: ९,५०० रुपये. नळाचं पितळी फिटिंग: १,२५०. तीन वर्षांचा देखभाल करार: ५,४००. एकूण १६,१५०. मशीनच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. आणि मीठ? मी विचारलं होतं हो, माहितीपुस्तकात मिठाचं चित्र होतं. “सॉफ्टनर लावल्यावर मीठ लागत नाही ताई, ते परदेशातल्या पाण्यासाठी असतं.” पैसे यूपीआयने घेतले, समोर नाव आलं ते एका बाईचं. “आमच्या अकाउंटंट मॅडम आहेत.” बरं.

बिल दिलं, शिक्का मारून, १८ टक्के जीएसटी दाखवून. त्यावरचा जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होत होता, म्हणजे महाराष्ट्राचा, म्हणून मी निश्चिंत. नंतर मोजला तर चौदाच अक्षरं. क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो, आणि जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो टाकला की मालकाचं नाव दोन मिनिटांत समोर येतं. ही दोन मिनिटं पैसे देण्याआधीची हवी होती.

संध्याकाळी एक फोन आला. “मॅडम, डिशवॉशर इन्स्टॉलेशनची रिक्वेस्ट आहे तुमची, उद्या दहाला येऊ का?” मी म्हटलं, झालं की सकाळीच, तुमचाच माणूस आला होता. तो जरा थांबला, म्हणाला, “मग कॅन्सल करू?” करा, म्हटलं. खरा माणूस मी असा परतवला. आणि त्याच रात्री, चकचकीत ताटांचा फोटो टाकून, सोसायटीच्या ग्रुपवर त्या भामट्याचा नंबरही दिला. ‘अतिशय प्रामाणिक आणि स्वच्छ काम.’ हे माझे शब्द.

तीन आठवड्यांनी काचेचे ग्लास धुक्यातून काढल्यासारखे निघायला लागले. स्टीलच्या ताटांवर पांढरे डाग, वाटीच्या तळाशी खरखर. (ॲल्युमिनियमचा कुकर तोवर काळा पडला होता, पण तो दोष पाण्याचा नाही, डिटर्जंटचा. ॲल्युमिनियम, बिडाचा तवा, पितळ-तांबं आणि लाकडी पोळपाट त्यात घालायचंच नसतं. ते मला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण डेमो झालाच नव्हता.) त्या नंबरवर फोन केला. बंद. दुसऱ्या दिवशी बंद. तेव्हा कुठे मी वॉरंटी कार्ड काढून त्यावर छापलेला नंबर लावला. आमचं मशीन त्यांच्याकडे ‘ग्राहकाने रद्द केले’ म्हणून पडलं होतं.

जो मुलगा आला, त्याने आधी खालचा ट्रे बाहेर काढला आणि मशीनच्या तळाचं एक झाकण फिरवून उघडलं. आत बॅटरीचा उजेड टाकून मला बघायला लावलं. मिठाचा कप्पा, मिठाचा एक दाणा नाही. “मॅडम, सॉफ्टनर मशीनमध्येच असतो.” आतल्या रेझिनचे मणी पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्याबदली सोडियम सोडतात, मणी भरले की मिठाच्या पाण्याने ते पुन्हा धुतले जातात. मीठ नसेल तर काही दिवसांत ते मणी नुसते शोभेचे. पहिल्यांदा कप्प्यात पाणी भरायचं, मग जाड, शुद्ध डिशवॉशरचं मीठ. घरातलं आयोडीनवालं बारीक मीठ चालत नाही. सांडलेलं मीठ मशीनला गंजवतं म्हणून लगेच एक धुणं लावायचं. आणि पाणी किती कठीण ते पट्टीने बघून मशीनमध्ये तो आकडा सेट करायचा. आमचं सेटिंग सगळ्यात मऊ पाण्यावर होतं.

मग त्याने माझ्या साडेनऊ हजारांच्या नळकांड्याआधीचं पाणी एका वाटीत घेतलं, नंतरचं दुसऱ्या वाटीत, आणि दोन पट्ट्या बुडवल्या. दोन्हींचा रंग एकच. ते गोळे पॉलिफॉस्फेटचे असतात म्हणाला. ते पाण्यातून क्षार काढत नाहीत, फार तर पुटं घट्ट बसू देत नाहीत. अशी वस्तू काहीशे रुपयांत मिळते. त्याने हे सांगताना कुठेही हसू आणलं नाही, त्याबद्दल मी त्याची आभारी आहे. त्याच्या भेटीचे शून्य रुपये झाले.

तक्रार केली. सायबर फसवणुकीसाठी १९३० आणि ग्राहक हेल्पलाइनचा १९१५, दोन्हीकडे. १९३० वर पैसे गेल्यागेल्या फोन केला तर ते पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची आशा असते. मी तीन आठवड्यांनी केला. बँकेने सांगितलं, पिन तुम्हीच टाकलाय. खरंच आहे, मीच टाकलाय. पैसे अजून आलेले नाहीत. त्या नंबराची जाहिरात मी कळवल्यावर गेली, आणि पंधरवड्यात तसलीच दुसरी, दुसऱ्या नंबराने, पुन्हा वर.

ग्रुपवर सगळं लिहायला मला आणखी दोन दिवस लागले. लाजच वाटत होती. लिहिल्यावर सी विंगमधल्या एका काकूंचा फोन आला, जरा येऊन जाल का म्हणाल्या. दोघं नवरा-बायकोच राहतात, काका निवृत्त. स्वयंपाकघरात सिंकखाली तेच पांढरं नळकांडं. बाथरूममध्ये वॉशिंग मशीनच्या मागे दुसरं. एकोणीस हजार.

“त्याने पाणी काळं करून दाखवलं का?” मी विचारलं.

“नाही हो,” काका म्हणाले. “तशी गरजच पडली नाही. आम्ही तुमचं नाव घेतलं, तर म्हणाला, हो, त्या ताई आमच्या ओळखीच्याच आहेत.”