दोन कॉर्न स्नेक: एक पेटी की दोन?

घरात एक कॉर्न स्नेक वर्ष-दीड वर्ष नीट रुळला, हातात घेताना बिचकेनासा झाला, ठरल्या दिवशी उंदीर घेऊ लागला, की दुसरा आणावासा वाटू लागतो. आणि दुसऱ्याचे ठरले की पहिला प्रश्न पेटीचा येतो. चार फुटांची पेटी घरात आहेच, तिच्यातला साप दिवसाचे बहुतेक तास एका कोपऱ्यात वेटोळे घालून पडलेला असतो आणि उरलेली जागा मोकळीच दिसते. मग दुसऱ्यालाही तिथेच सोडावे, की त्याच्यासाठी नवी पेटी घ्यावी? इंग्लंडमध्ये मुलांच्या हट्टापायी हा साप घरी आणलेल्या मराठी कुटुंबांकडून हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. मी दोन्ही पद्धतींनी साप ठेवून पाहिले आहेत आणि माझा कौल दोन पेट्यांना आहे. मात्र एका पेटीच्या बाजूने जे बोलले जाते ते सगळेच चुकीचे नाही, म्हणून तेही येथे नीट मांडतो. भारतात नाग, धामण यांसारखे देशी साप घरी बाळगणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार गुन्हा आहे, हे मुलांना आधी सांगून ठेवावे. येथे विषय आहे तो पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हाताखाली पैदास झालेल्या परदेशी सापाचा.

कॉर्न स्नेक मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, न्यू जर्सीपासून फ्लोरिडापर्यंतचा. लिनियसने १७६६ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि आज त्याला पँथेरोफिस गटॅटस या नावाने ओळखतात. तो बिनविषारी आहे, भक्ष्याला आवळून मारतो, साधारण तीन ते पाच फूट वाढतो आणि नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षे सहज जगतो. आपल्याकडचा तस्कर नावाचा साप आणि हा साप यांना पूर्वी एकाच प्रजातीत (जीनसमध्ये), म्हणजे इलाफीमध्ये गणले जात असे. ज्यांनी तस्कर पाहिला आहे त्यांना याची चपळाई आणि उंदरांमागे बिळात शिरण्याची सवय ओळखीची वाटेल. झाडांच्या सुटलेल्या सालीखाली, कुजलेल्या बुंध्यात, उंदरांच्या बिळात कॉर्न स्नेक एकटाच राहतो. थंडीच्या दिवसांत एखाद्या चांगल्या आसऱ्यात दोन-तीन साप एकत्र आढळू शकतात, हे खरे. पण तिथे त्यांना ओढून आणते ती जागा. एकमेकांची सोबत हे त्यामागचे कारण नसते.

दोन साप वर्षानुवर्षे एकत्र ठेवले आणि काहीही बिघडले नाही, असे सांगणारे लोक खोटे बोलत नाहीत. हा साप शांत स्वभावाचा आहे, प्रौढ सापांत उघड मारामारी क्वचितच होते, आणि एकच थर्मोस्टॅट, एकच दिवा, एकदाच सफाई ही सोय नाकारण्यासारखी नाही. लहान फ्लॅटमध्ये चार-चार फुटांच्या दोन पेट्या ठेवायच्या म्हणजे हॉलची एक भिंतच जाते. ज्याच्याकडे खरोखरच जागा नाही, त्याला हा मुद्दा जड वाटणारच.

तरीही हिशेब मांडून पाहावा. एका प्रौढ सापाला साधारण १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ६० उंच पेटी लागते. त्याच पेटीत दोन साप सोडले की ती दोघांची होत नाही. एकाची जागा दोघांत वाटली जाते, एवढेच होते. प्रामाणिकपणे दोघांना एकत्र ठेवायचे तर पेटी निदान दीडपट हवी आणि ऊबदार टोकाला दोन व थंड टोकाला दोन असे लपण्याचे चार आसरे हवेत. ते सगळे सारख्याच आकाराचे आणि सारख्याच उबेचे हवेत, नाहीतर त्यांतला चांगला एकाकडे जातो आणि दुसरा उरलेल्यावर भागवतो. इतके सगळे केल्यावर वाचलेला पैसा फारसा उरत नाही. विजेचे म्हणाल तर दुसऱ्या छोट्या पेटीखालची पंधरा वॉटची हीट मॅट दिवसरात्र चालू राहिली तरी महिन्याला अकरा युनिटच्या आसपास वीज घेते, आणि थर्मोस्टॅट मधूनमधून ती बंद करत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमीच.

खरा फरक पैशांत नाही, वागणुकीत आहे. एकत्र ठेवलेल्या सापांचे फोटो पाहिले तर एकाच आसऱ्यात दोघेही गुंतून बसलेले दिसतात, आणि पाहणाऱ्याला वाटते की यांचे चांगले जमले आहे. आपण मराठी माणसांनी ही चूक चटकन ओळखायला हवी, कारण गावाकडे हेच दृश्य वेगळ्या रूपात आपण पाहिलेले असते. बांधावर दोन साप एकमेकांना पीळ घालून उभे राहिलेले दिसले की लोक म्हणतात नाग आणि धामण जुगताहेत. पाहू गेले तर बहुतेक वेळा ती दोन नर धामणींची झुंज असते. कॉर्न स्नेकचे वेटोळे इतके नाट्यमय नसते, पण अर्थ लावण्यातली गफलत तीच आहे. पेटीत २९-३० अंश उबेचा, अंधारा आणि अंगाला चहूबाजूंनी टेकणारा आसरा एकच असेल, तर दोघांनाही तोच हवा असतो आणि दोघेही तिथेच घुसतात. त्यात ज्याला वरच्या बाजूला, उजेडाकडे राहावे लागते, त्याच्यावरचा ताण आपल्याला दिसत नाही. साप ओरडत नाही, पाय आपटत नाही. तो खाणे कमी करतो, कात तुकड्या-तुकड्यांनी टाकतो किंवा दिवसाढवळ्या काचेला नाक घासत फिरतो, आणि ही चिन्हे आपण दुसऱ्याच कशाच्या तरी खात्यावर टाकतो.

खाण्याच्या वेळी हा प्रश्न सर्वांत तीव्र होतो. सापाची नजर वासापुढे दुय्यम असते. गोठवून ठेवलेल्या आणि मग वितळवलेल्या उंदराचा वास पेटीत पसरला की समोर हलणारी प्रत्येक गोष्ट भक्ष्य ठरू शकते, मग ते आपले बोट असो की शेजारच्याचे डोके. दोघांनी एकच उंदीर दोन टोकांनी पकडला आणि दोघेही गिळत पुढे सरकू लागले, तर मधोमध दोन तोंडे भेटतात आणि मोठा साप थांबेलच याची खात्री नसते. म्हणूनच कॉर्न स्नेकची पैदास करणारे जाणकार अंड्यातून निघालेली पिल्ले फार काळ एकत्र ठेवत नाहीत. भावंडाने भावंड गिळल्याची उदाहरणे या छंदात अपरिचित नाहीत. एकत्र ठेवणारे यावर तोडगा सांगतात की जेवणापुरते त्यांना वेगळ्या डब्यांत काढावे. तोडगा बरोबर आहे, पण पुरता पाळायचा तर पुढचेही पाळावे लागते. पोटात उंदीर असलेल्या सापाला लगेच उचलले तर तो ओकण्याची भीती असते, त्यामुळे त्याला दोन दिवस तरी हात लावू नये असे सांगितले जाते. म्हणजे वेगळ्या डब्यात खाऊ घातल्यावर तो दोन दिवस तिथेच हवा, त्या डब्याला ऊब हवी, पाणी हवे, लपायला जागा हवी. ही दुसरी पेटीच झाली.

माझ्या दोन मादी सात महिने एकत्र होत्या, आणि मला पटले ते एका सकाळी. पाण्याच्या भांड्याशेजारी अर्धवट पचलेला उंदीर पडला होता, केस गळालेला, राखाडी, दुर्गंधी सुटलेला. दोघींपैकी ओकली कोण? दोघींनी तीन दिवसांपूर्वी खाल्ले होते, दोघी एकाच आसऱ्यात होत्या, दोघींची पोटे सारखीच दिसत होती. ओकलेल्या सापाला पुढे दहा-बारा दिवस उपाशी ठेवून मग नेहमीपेक्षा लहान भक्ष्य द्यावे लागते, कारण त्याच्या अन्ननलिकेला आणि पोटाला आम्लाने इजा झालेली असते. कोण ते माहीत नसल्याने मला दोघींनाही उपाशी ठेवावे लागले आणि दोघींची वजने रोज घ्यावी लागली. आठवड्याभराने वजनांवरून उलगडा झाला, पण त्या आठवड्यात निरोगी असलेल्या सापावर मी विनाकारण उपास लादला होता. विष्ठेचेही तेच. पातळ विष्ठा दिसली तर ती कोणाची, जंतांसाठी नमुना कोणाचा म्हणून द्यायचा, या प्रश्नांना एकत्र पेटीत उत्तर नसते. सापासारख्या मुक्या प्राण्याच्या बाबतीत खाणे, विष्ठा, वजन आणि कात या चार नोंदी म्हणजेच त्याने सांगितलेली तक्रार असते, आणि एकत्र ठेवल्याने त्यांतल्या तीन नोंदी धूसर होतात.

आजाराबद्दल थोडक्यात सांगायचे तर माइट नावाचे बारीक काळे परजीवी एकावर आले की दोघांवरही येतात. पाण्याच्या भांड्यात तरंगणाऱ्या काळ्या ठिपक्यांवरून ते ओळखावेत, आणि त्यांच्यावर उपाय आहे. क्रिप्टोस्पोरिडियम या सूक्ष्म परजीवीची गोष्ट त्याहून गंभीर आहे. त्यात जठराची भिंत जाड होते, शरीराच्या मध्यावर फुगवटा येतो, साप वारंवार ओकतो आणि झिजत जातो. खात्रीचा इलाज उपलब्ध नाही, नेहमीची जंतुनाशके त्याच्यावर फारशी चालत नाहीत, आणि वरून धडधाकट दिसणारा सापही तो पसरवू शकतो. वेगळ्या पेट्या आणि वेगळी भांडी असतील तर एक साप गमवावा लागला तरी दुसरा वाचण्याची शक्यता राहते.

नर-मादीचा प्रश्न लोक शेवटी विचारतात, खरे तर तो आधी विचारायला हवा. लहान सापाचे लिंग ओळखण्यात विकणाऱ्याची चूक होऊ शकते, आणि दोन मादी म्हणून आणलेली जोडी दोन वर्षांनी नर-मादीची ठरू शकते. पुरती वाढ न झालेल्या मादीच्या पोटात अंडी धरली की ती अडकण्याचा धोका असतो, आणि त्यात तिचा जीवही जाऊ शकतो. सगळे सुरळीत झाले तरी एका खेपेस दहा ते तीस अंडी येतात, सुमारे दोन महिन्यांनी पिल्ले निघतात आणि त्या प्रत्येकाला स्वतंत्र डबा लागतो. मादी शुक्राणू साठवून ठेवू शकत असल्याने नराला वेगळे केल्यानंतरही पुन्हा अंडी येऊ शकतात. ज्यांना खरोखर पैदास करायची आहे, तेसुद्धा नर-मादीला ठराविक काळापुरतेच एकत्र आणतात.

सगळेच साप एकलकोंडे असतात असे मात्र म्हणता येणार नाही. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात गार्टर स्नेक हिवाळ्यानंतर हजारोंच्या संख्येने एकाच जागेतून बाहेर पडतात, आणि २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्याच एका अभ्यासात लहान गार्टर सापांनी ठराविक सोबत्यांजवळ राहणे पसंत केल्याचे आढळले. ते साप कोणी एकत्र ठेवले तर त्यामागे काही आधार आहे. तो आधार कॉर्न स्नेकला लावता येत नाही. उलट टोकाला किंग स्नेक आहे, जो इतर सापांनाही खातो. त्याला कॉर्न स्नेकबरोबर कधीही ठेवू नये. इंग्लंड आणि वेल्समध्ये राहणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की तिथल्या २००६च्या प्राणी कल्याण कायद्याने पाळीव प्राण्याच्या ज्या गरजा मालकावर सोपवल्या आहेत, त्यांत इतर प्राण्यांबरोबर किंवा त्यांच्यापासून वेगळे राहण्याची गरज स्वतंत्रपणे नोंदवलेली आहे.

ज्याला दुसऱ्या पेटीसाठी जागाच नाही, त्याला माझा सल्ला एकच साप ठेवावा असा आहे. एकट्या सापाला कंटाळा येईल म्हणून जोडीदार आणू नये, त्याऐवजी त्याला चढायला फांद्या आणि शिरायला सालीचे तुकडे द्यावेत. ज्यांच्याकडे आजच दोन साप एकत्र आहेत, त्यांनी घाबरून न जाता आधी वजनात मागे पडलेल्याला नव्या पेटीत हलवावे आणि जुन्या पेटीतला त्याच्या वापरातला एखादा आसरा न धुता तसाच बरोबर द्यावा, म्हणजे ओळखीच्या वासाने तो लवकर खायला लागतो. आणि जे अजून दुसरा साप आणणार आहेत, त्यांना नवा साप दोन ते तीन महिने वेगळ्या खोलीत विलगीकरणात ठेवावाच लागतो, मग पुढचा बेत काहीही असो. त्या तीन महिन्यांसाठी पेटी, थर्मोस्टॅट, भांडे, आसरे हे सगळे आणून झालेले असते, साप तिथे खाऊ लागलेला असतो, त्याची कात अखंड निघू लागलेली असते. अशा वेळी त्याला तिथून उचलून दुसऱ्याच्या पेटीत सोडण्याचे कारण मला तरी आजवर सापडलेले नाही.