डोळ्यावर अडकलेली कात: चिमटा की ओलावा?

नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो, हवा ठणठणीत कोरडी होते आणि म्हाताऱ्या बॉल पायथनची, म्हणजे घरी पाळल्या जाणाऱ्या छोट्या अजगराची, कात डोळ्यावरच अडकते. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावरचा पारदर्शक खवला कातीबरोबरच निघायला हवा. टाकलेली कात उजेडात धरा, डोळ्यांच्या जागी दोन गोल काचा दिसतात का बघा; नसतील तर खवला डोळ्यावरच अडकलाय.

चिमट्याने काम मिनिटात होतं खरं, पण खालचा नवा खवला फाटला तर डोळाच जातो. माझा कौल ओलाव्यालाच: हवेशीर डब्यात ओलसर टॉवेल आणि पुढच्या कातीपर्यंत धीर. डोळा सुजला तर मात्र थेट सापांवर उपचार करणारा पशुवैद्य. बाहुली आतूनच पांढरी असेल तर मोतीबिंदूची शंका, तिथे ओलावाही निरुपयोगी. तरी हिरमुसू नका. आंधळा बॉल पायथन जिभेने वास आणि ओठांवरच्या खाचांनी ऊब ओळखून जेवतो.