ठाण्याच्या वागळे इस्टेटचा केबलवाला, विमानाची वायर घेऊन गेलो होतो (४ स्टार)

पासपोर्ट ऑफिसच्या मागच्या बाजूच्या गल्ल्यांमध्ये हे दुकान आहे. बाहेरून बघाल तर रिक्षाच्या क्लच वायरींची भेंडोळी लटकलेली, बाकी काही नाही. पण ज्या गाडीची वायर बाजारात मिळत नाही तिची इथे मापाने बनवून मिळते, जुनी वेस्पा म्हणू नका, बुलेट म्हणू नका. आम्ही गेलो विमानाची घेऊन.

हो, विमानाचीच. मामेभाऊ घोडबंदरला शेड भाड्याने घेऊन दोन सीटचं विमान किटमधून जोडतोय. कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत बिल्डिंगच्या गच्चीवर विमान बांधलं आणि २०१६ ला बीकेसीच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ठेवलं, तेव्हापासून घरचे ह्याला वेडा म्हणत नाहीत, फक्त मामी विचारते त्यांचं झालं, तुझं कधी.

तर प्रॉब्लेम असा होता. इंजिन रोटॅक्स ९१२, त्याला दोन कार्बोरेटर (इंजिनात पेट्रोल-हवा सोडणारे) आणि दोघांना वेगळी थ्रॉटल वायर, म्हणजे ॲक्सिलरेटरची. लिव्हर मागे ओढायला जोर लागायचा आणि पुढे सोडली की उजवा कार्ब लगेच उघडायचा, डावा रेंगाळायचा. दोन्ही सारखे उघडले नाहीत की हे इंजिन थरथरतं आणि पुढच्या गिअरबॉक्सला मार बसतो. भावाने डब्ल्यूडी-४० स्प्रे मारून बघितलं, दोन दिवस मस्त आणि परत तेच.

दुकानातल्या काकांना (साठीचे असतील, चष्मा दोऱ्याला बांधलेला) आधी पटेचना की स्प्रिंग उघडायच्या बाजूला ओढते. बाईकमध्ये उलटं असतं, मूठ सोडली की स्प्रिंग थ्रॉटल बंद करते. भावाने सांगितलं की हवेत वायर तुटली तर इंजिन आयडलवर (सगळ्यात कमी वेगावर) जाण्यापेक्षा फुल पॉवरवर गेलेलं बरं, म्हणून कार्बला तशी स्प्रिंग दिलीय. काका म्हणाले, "मग बरोबर आहे, वायर कडक झाली की स्प्रिंगला ती ओढून नेता येत नाही, म्हणून डावा मागे राहतो." एवढं ऐकलं आणि मला माणूस आवडला.

नवीन वायर बनवून द्या म्हटलं तर लगेच हो म्हणाले नाहीत. म्हणाले, आधी शेडवर जाऊन दोन्ही टोकं सोडा आणि नुसती वायर हाताने सरकवून बघा. हलकी चालली तर दोष लिव्हरमध्ये नाहीतर कार्बमध्ये. जड चालली तर क्लॅम्प सोडून परत बघा, मोकळी झाली तर वायर चांगली आहे, नेलीय चुकीची. आमची क्लॅम्प सोडल्यावर बरीच हलकी झाली पण पूर्ण नाही, मग काढूनच घेऊन गेलो. काकांनी आतली तार ओढून काढली, एका जागी घासून चकचकीत झालेली आणि तिथलंच आतलं प्लास्टिक मऊ होऊन चिकटलेलं. विचारतात, "इथे काय आहे?" तिथे सायलेन्सरचा पाईप होता.

त्यांचं म्हणणं, लांबीला घाबरू नका, वळणं मोजा. वायर हातभर जास्त लागली तर काही बिघडत नाही पण प्रत्येक वळणाला घर्षण बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतं. भावाने फायरवॉलमधून (इंजिन आणि कॉकपिटमधली भिंत) बाहेर आल्या आल्या वायर घट्ट क्लॅम्प केली होती आणि तिथून आखूड वळण. इंजिन रबर माउंटवर हलतं, मग त्याच्याबरोबर वायरही खेचली जाते. आता तिथे मोठा सैल वळसा ठेवलाय, पाईपपासून लांब, आणि कार्बजवळ वायर त्याच्या लिव्हरच्या सरळ रेषेत येते.

नवीन दोन्ही वायरी टेफलॉन लायनरच्या (आतून गुळगुळीत अस्तर), आत स्टीलची तार, एकूण ७०० रुपये. ह्यात तेल घालू नका म्हणाले, लायनरला गरज नसते, उलट धूळ चिकटते. निप्पल (टोकाचा धातूचा तुकडा) लावताना तारेचं टोक आधी फुलवून मग आत सोल्डर ओततात, नुसतं वरून चिकटवत नाहीत, आणि आमच्यासमोर वजन लटकवून दाखवलं. लिव्हर आता बोटाने चालते, दोन्ही कार्ब एकत्र उघडतात.

पण मुख्य मुद्दा ऐका. काका स्वतःच म्हणाले, "ही जमिनीवर इंजिन चालवायला, उडवायला नाही, माझ्याकडे विमानाचं सर्टिफिकेट नाही." बिलावर पण 'टेस्टिंगसाठी' लिहून दिलं. भाऊ आता ह्याच मापाची विमानाची वायर बाहेरून मागवतोय. दोन गोष्टी जास्त विकायचा चान्स असताना असं बोलणारा दुकानदार मला तरी विरळाच दिसलाय.

स्टार कापला कारण फोन उचलत नाहीत. उद्या या म्हणतात आणि उद्या गेलं की कारागीर जेवायला गेलेला असतो. पार्किंग विसरा, आम्ही गाडी तीन हात नाक्याकडे लावून रिक्षाने गेलो. शुक्रवारी बंद. आणि जुनी वायर दोन्ही टोकांसकट न्या, नुसतं माप लिहून नेलंत तर परत पाठवतात.