घर की केंद्र? आधी रात्रीचं बोला

बाबांचा आजार विसराळूपणाने सुरू झालाच नाही. जत्रेत त्यांनी खाज्याचा पुडा उचलला आणि पैसे न देता खात खात पुढे गेले. वय ५९. निदान फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाचं. त्यात मेंदूचा पुढचा आणि कानशिलाजवळचा भाग झिजतो. लाज, सबुरी, दुसऱ्याची कणव आधी जाते. आठवण बराच काळ शाबूत राहते. माणूस धडधाकट दिसतो, आणि घरी सांभाळायचं की देखभाल केंद्रात ठेवायचं हे ठरवताना खरी अडचण तिथेच येते.

घरी ठेवलं तर वाडा, म्हणजे आजूबाजूची वस्ती, ओळखीची. गोव्यात आमच्या फोंड्याकडच्या दुकानदाराला सांगून ठेवलंय: ते उचलतील ते लिहून ठेव, महिन्याला मी भागवते. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की बाबा पायरीवर हजर. ठरलेला क्रम ही माणसं घट्ट धरतात, तो मोडू नका. पण विहिरीला जाळी, स्कूटरच्या चाव्या लपवलेल्या, गोडाचे डबे कुलपात. आणि आई! हे मुद्दाम करतात, असंच तिला वर्षभर वाटत होतं. गोव्यातल्याच ८१ कुटुंबांवरच्या, २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रशिक्षित माणसं घरी येऊन समजावत गेली, तेव्हा डिमेन्शियाचा रुग्ण सांभाळणाऱ्यांचा ताण कमी झाला. असं कोणी मिळालं तर सोडू नका.

केंद्राची मोठी जमा म्हणजे रात्रपाळी. पण वृद्धाश्रम थकलेल्यांसाठी असतात. एकाने बाबांना तिसऱ्या दिवशीच परत न्यायला सांगितलं. प्रवेशाआधी विचारा, शांत ठेवायचं औषध कोण ठरवतं? त्यातल्या काहींनी या रुग्णांचं अंग आखडतं. अल्झायमरवरची डोनेपेझिल ही गोळीही इथे उपयोगाची नाही, उलट चिडचिड वाढू शकते.

खर्चाला घर विकू म्हणाल, तर गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक, दोघांची संमती लागते. बाबा परस्पर घर विकू शकत नाहीत, तशी आईही नाही. समज आहे तोवरच वकील गाठा.

घरात रात्री आलटून पालटून जागणारी दोन माणसं असतील, तर माझं मत घराला. एकटी बायको असेल किंवा हात उगारणं सुरू झालं असेल, तर केंद्र. आम्ही रात्रीपुरता मदतनीस ठेवलाय. आई आता आतून कडी लावून झोपते.