भांडी घासताना काय ऐकावं, इस्त्री करताना काय

पॉडकास्ट निवडताना बहुतेक जण विषय बघतात. इतिहासाची आवड असली की इतिहासाचा, गुन्ह्यांच्या गोष्टी आवडत असल्या की तपासाचा. घरकाम करता करता ऐकायचं असेल तर आधी काम बघावं, असं माझं मत आहे. हात किती वेळ अडकलेले असतात, मध्येच किती वेळा थांबावं लागतं, आवाज किती होतो आणि डोक्यातली शब्दांची जागा मोकळी राहते की नाही, हे ठरलं की विषय निवडायला फार वेळ लागत नाही.

शब्दांची जागा कशाला म्हणतोय, ते सांगायला हवं. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये आपल्या तात्पुरत्या स्मृतीचं एक प्रारूप मांडलं. त्यात ऐकलेले आणि मनात घोळणारे शब्द एका भागात सांभाळले जातात, तर दिसणाऱ्या वस्तू आणि त्यांच्या जागा दुसऱ्या भागात. कपड्यांच्या घड्या घालायला दुसरा भाग पुरतो, म्हणून ऐकलेलं नीट डोक्यात शिरतं. सामानाची यादी करणं, बिलं तपासणं, पाककृती वाचून मापं घेणं या कामांना मात्र पहिला भागच लागतो आणि तिथे निवेदकाची आणि आपली सरळ झटापट होते. अशा वेळी पॉडकास्ट लावूच नये. वाद्यसंगीत लावा, विषय संपला.

स्वयंपाक करताना

ही सगळ्यात अवघड जागा. लक्ष तुकड्यातुकड्यांत मिळतं, गॅसवरच्या भांड्याकडे एक कान द्यावा लागतो आणि काही सुटलं तर मागे जायला हात स्वच्छ नसतात. तरीही सगळ्यात जास्त पॉडकास्ट याच वेळी लावले जातात, आणि त्यातही बऱ्याचदा ‘सिरियल’सारखे. २०१४ मध्ये आलेल्या या मालिकेच्या पहिल्या पर्वात सारा कोनिग यांनी १९९९ मधल्या बाल्टिमोरच्या एका खून खटल्याची पुन्हा छाननी केली. भाग १२, आणि प्रत्येक आधीच्यावर उभा. कोण, कुठे, किती वाजता, फोन कोणाच्या हातात होता, यातलं एक वाक्य फोडणीच्या आवाजात बुडालं की पुढची दहा मिनिटं अंदाजाने ऐकायची. उत्तम मालिका, चुकीची वेळ.

तिच्याऐवजी ‘अ हिस्टरी ऑफ द वर्ल्ड इन १०० ऑब्जेक्ट्स’ ऐकून बघा. ब्रिटिश म्युझियमचे तेव्हाचे संचालक नील मॅकग्रेगर यांनी २०१० मध्ये बीबीसीसाठी ही मालिका केली. १०० वस्तू, १०० भाग, प्रत्येक साधारण पाव तासाचा. सुरुवात एका इजिप्शियन ममीपासून होते आणि शेवट सौरऊर्जेवर चालणाऱ्या दिव्याशी. वस्तू दिसत नसल्याने तिचं वर्णन शब्दांतच करावं लागलं आणि ते इतकं नेटकं आहे की हातातल्या कामावरून नजर हलवावी लागत नाही. एक भाग अर्धवट राहिला तरी दुसऱ्याचं काही अडत नाही.

थोडं हलकं हवं असेल तर ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’. हा कार्यक्रम १९४२ पासून सुरू आहे आणि त्याचा साचा जवळजवळ तोच आहे: निर्जन बेटावर जाणारा पाहुणा आठ गाणी निवडतो, एक पुस्तक आणि एक चैनीची वस्तूही. स्वयंपाकघरात हा साचाच कामाला येतो. दोन मिनिटं लक्ष उडालं तरी पुढचं गाणं लागलं की आपण कुठे आहोत ते कळतं. एक उणीव सांगून ठेवतो. पॉडकास्टमध्ये हक्कांच्या अडचणीमुळे गाण्यांचे छोटे तुकडेच वाजतात, त्यामुळे संगीतासाठी लावाल तर निराश व्हाल. या दोन्हींत मी पाव तासाच्या स्वयंपाकाला मॅकग्रेगर आणि लांबलेल्या स्वयंपाकाला हे बेट निवडेन.

भाषेचाही प्रश्न आहे. आजूबाजूला गोंगाट असताना परकी भाषा समजायला मातृभाषेपेक्षा जास्त जड जाते. शांत खोलीत इंग्रजी सहज कळणाऱ्यालाही एक्झॉस्ट फॅन आणि मिक्सर सुरू असताना अर्धी व्यंजनं ऐकू येत नाहीत आणि तो रिकाम्या जागा भरत बसतो. म्हणून स्वयंपाकघरात ‘अमुक तमुक’ किंवा ‘थिंक बँक’सारख्या मराठी गप्पा-मुलाखती इंग्रजी पॉडकास्टपेक्षा सोप्या पडतात. विषय गंभीर असला तरीही.

भांडी, केर, आवराआवर

भांडी घासायला फार डोकं लागत नाही, पण हात ओले असतात. म्हणून एकदा लावला की मध्ये हात लावावा लागणार नाही असा, अर्ध्या तासाच्या आसपासचा भाग हवा. रोमन मार्स यांचा ‘नाइन्टी-नाइन पर्सेंट इन्व्हिजिबल’ त्यासाठी मला सगळ्यात योग्य वाटतो. २०१० पासून सुरू असलेला हा पॉडकास्ट आपण ज्यांच्याकडे बघतही नाही अशा रचलेल्या गोष्टींबद्दल बोलतो: इमारती, चिन्हं, झेंडे, रस्ते. एक भाग, एक गोष्ट. शिवाय मार्स यांचा आवाज शांत आणि खर्जातला आहे, नळ सुरू असला तरी टोचत नाही.

सकाळच्या आवराआवरीला बातम्या हव्या असतील तर दोन वेगळ्या वाटा आहेत. बीबीसीचा ‘ग्लोबल न्यूज पॉडकास्ट’ अर्ध्या तासात अनेक बातम्या उरकतो. न्यूयॉर्क टाइम्सचा २०१७ मध्ये सुरू झालेला ‘द डेली’ बराचसा वेळ एकाच बातमीला देतो. मुलांना उठवणं, डबा, दाराची बेल असं सगळं चालू असेल तर पहिला, कारण एखादी बातमी हुकली तरी पुढची नव्याने सुरू होते. घरात एकटे असाल, दाढी किंवा वेणीफणी निवांत चालली असेल तर दुसरा. बातम्यांचा वेग सव्वापट केला तरी चालतो. गोष्ट सांगणाऱ्या पॉडकास्टचा वेग वाढवू नये, त्यातले थांबेही मुद्दाम ठेवलेले असतात.

व्हॅक्यूम क्लीनर चालवताना काहीच लावू नका. त्या आवाजावर मात करायला आपण नकळत आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित, आणि आवाज वाढला की ही मुदत झपाट्याने घटते.

इस्त्री, घड्या, कपाट

घरकामातली चैन म्हणायची ती हीच. हात कोरडे, आवाज नाही, घाई नाही, आणि काम तासभर तरी चालतं. स्वयंपाकातून बाद केलेला ‘सिरियल’ इथे आणा, काही सुटलं तर बटण दाबून पंधरा सेकंद मागे जाता येतं.

त्याच वेळेसाठी इतिहासाचे दोन पर्याय आहेत आणि त्यांची माणसं वेगळी आहेत. डॅन कार्लिन यांचा ‘हार्डकोअर हिस्टरी’ एकट्या माणसाचं कथन आहे. पहिल्या महायुद्धावरच्या त्यांच्या ‘ब्लूप्रिंट फॉर आर्मागेडन’चे सहा भाग आहेत आणि प्रत्येक तीन तासांहून मोठा. अख्खं कपाट रिकामं करून पुन्हा लावायचं असेल तर याला तोड नाही, पण खंदकांतली वर्णनं अंगावर येतात. घरात लहान मुलं ऐकत असतील तर हेडफोन घाला. टॉम हॉलंड आणि डॉमिनिक सँडब्रुक यांचा २०२० मधला ‘द रेस्ट इज हिस्टरी’ म्हणजे दोन इतिहासकारांच्या गप्पा, चेष्टामस्करीसकट. चार शर्ट इस्त्री करायचे असतील तर हा बरा. कार्लिन यांना तेवढ्या वेळात सैन्य सीमेवरही पोचवता येत नाही.

तिसरा, माझ्या मते या सगळ्यांत सरस, बीबीसीचा ‘इन आवर टाइम’. १९९८ मध्ये सुरू झाला, मेल्विन ब्रॅग यांनी २०२५ पर्यंत चालवला, आणि भाग हजाराच्या वर गेले. एक विषय, बहुधा तीन प्राध्यापक, पाऊण तासाच्या आसपास. कृष्णविवरं एका आठवड्यात, एखादी मध्ययुगीन राणी दुसऱ्या. प्राध्यापक भरकटले की ब्रॅग त्यांना फारसं गोड न बोलता रस्त्यावर आणतात, तेही ऐकण्यासारखं. पण हा कार्यक्रम ऐकणाऱ्यावर दया करत नाही. पहिल्या पाच मिनिटांत व्याख्या होतात, त्या चुकल्या तर पुढचं कळत नाही. म्हणून इस्त्री गरम झाल्यावरच लावा, दोन्ही हातांनी पलंगपोस शोधताना नको.

झोपताना

इथे उलटा हिशोब, कमी लक्ष लागेल तेच चांगलं. कॅथरीन निकोलाय यांच्या ‘नथिंग मच हॅपन्स’मध्ये एक छोटी, निरुपद्रवी गोष्ट दोनदा सांगतात, दुसऱ्यांदा आणखी सावकाश. ड्रू ॲकरमन यांचा ‘स्लीप विथ मी’ तासभर मुद्दाम भरकटतो. विचार थांबत नसतील तर ॲकरमन, नुसतं शरीर थकलं असेल तर निकोलाय. दोन्हीला स्लीप टायमर लावाच, नाहीतर पुढचा भाग आपोआप सुरू होतो आणि त्याची जाहिरात जागं करते.

आता बरेच पॉडकास्ट चित्रफितीसाठीच बनतात आणि ऐकणाऱ्यांना त्यांचा आवाज तेवढा मिळतो. यूट्यूबवरच्या मुलाखतींत हे जास्त जाणवतं: “हा फोटो बघा” म्हणतात, सगळे हसतात, आणि साबणाने माखलेल्या हातांनी आपण पडद्याकडे वळतो. नवीन काही निवडताना पहिली दहा मिनिटं फोन पालथा ठेवून ऐका. तेवढ्यात दोनदा तो उलटा करावासा वाटला तर तो पॉडकास्ट जेवायला बसल्यावर बघायचा, घरकामाच्या यादीतून काढून टाका.