नोकरी गेल्यावर भेटलेली दोन फुकटची माणसं: इन्शुरन्सचा नॅव्हिगेटर आणि हाउसिंग कौन्सेलर (रिव्ह्यू)

मंडळाच्या ग्रुपवर परत ले-ऑफचे मेसेज यायला लागलेत म्हणून लिहितोय. अमेरिकेत नोकरी गेली की दोन गोष्टी एकदमच हलतात, घराचा हप्ता आणि हेल्थ इन्शुरन्स, कारण इन्शुरन्स नोकरीच्याच खुंटीला टांगलेला. कोब्रा नावाच्या कायद्याखाली कंपनीचा जुना प्लॅन साधारण १८ महिने चालू ठेवता येतो, पण १०२ टक्के प्रीमियम आपल्या खिशातून, म्हणजे कंपनी भरायची तो हिस्साही आपणच भरायचा आणि वर दोन टक्के. आकडा बघून बायको म्हणाली, अहो एवढ्यात तर घराचा हप्ता जातो. आम्ही नॉर्थ कॅरोलिनात, कॅरीला, आता घरात दोघंच, दोघंही पन्नाशीच्या पुढे.

आधी नॅव्हिगेटर, म्हणजे इन्शुरन्सचे प्लॅन समजून घ्यायला आणि अर्ज भरायला मदत करणारं माणूस. हेल्थकेअर डॉट गव्ह या सरकारी इन्शुरन्स बाजाराच्या साइटवर लोकल हेल्पमध्ये झिप कोड टाकला की जवळच्या संस्था दिसतात. ही माणसं सरकारी ग्रँटवर चालतात, कमिशन नाही. ब्रोकरही आपल्याला फुकटच पडतो पण त्याला इन्शुरन्स कंपनी कमिशन देते, तो वाईट असतो असं नाही, माहीत असलेलं बरं इतकंच. आणि गूगलवर वरच दिसणाऱ्या हुबेहूब साइटवर चुकूनही फोन नंबर टाकू नका, दिवसभर फोन खणखणतो आणि भलतेच शॉर्ट टर्म प्लॅन गळ्यात मारतात.

आमच्या वाट्याला आलेल्या बाई म्हणजे सोनं. कुठला प्लॅन घ्या हे त्या सांगत नाहीत, तो त्यांचा नियमच आहे, पण कुठला आकडा कुठून आला ते बोट ठेवून दाखवतात. २०२६ च्या प्लॅनसाठी दोघांच्या घराला वर्षाचं उत्पन्न ८४,६०० डॉलरपर्यंत असेल तर प्रीमियमला सरकारी सबसिडी, त्याच्या पुढे गेलात की शून्य. २०२१ ते २०२५ ही रेषा नव्हती, उत्पन्न कितीही असलं तरी सिल्व्हर या मधल्या दर्जाच्या बेंचमार्क प्लॅनला (सबसिडी मोजायला धरतात तो) उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांपेक्षा जास्त द्यावं लागायचं नाही, ते ३१ डिसेंबर २०२५ ला संपलं. आमच्या वयाला सबसिडीशिवायचा प्रीमियम बघून घाम फुटतो हो. माझ्या कन्सल्टिंगचा अंदाज त्या रेषेच्या जरा वरच येत होता. तेव्हा बाईंनी नुसतं विचारलं की २०२६ पासून ब्राँझ या कमी प्रीमियमच्या प्लॅनला एचएसए (औषधपाण्यासाठीचं करसवलतीचं बचत खातं) चालतं हे माहितीय का, त्यात टाकलेले पैसे या उत्पन्नातून वजा होतात, बाकीचं तुमच्या टॅक्सवाल्याला विचारा. विचारलं, बसलं गणित. मात्र अंदाज चुकून रेषेच्या वर गेलो तर २०२६ पासून सगळी सबसिडी परत भरायची, पूर्वी वसुलीवर मर्यादा असायची ती काढून टाकलीय. आणि ब्राँझ म्हणजे मोठं आजारपण आलंच तर आधी हजारो डॉलर आपले जाणार हे धरूनच चाला.

वजा बाजू एकच, अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही. कशी मिळेल? नॅव्हिगेटरचं बजेट ९.८ कोटी डॉलरवरून १ कोटीवर आणलंय, २०२५ च्या फेब्रुवारीत. ह्याच सबसिडीवरून त्या वर्षी ४३ दिवस सरकार बंद पडलं, मग ११ डिसेंबरला सिनेटमध्ये डेमोक्रॅट्सचा तीन वर्षं मुदतवाढीचा प्रस्ताव आणि रिपब्लिकनांचा एचएसएमध्ये थेट पैसे टाकायचा प्रस्ताव, दोन्हीला पुढे जायला लागणारी ६० मतं मिळाली नाहीत. कंपन्यांच्या घशात पैसे का घालायचे हा रिपब्लिकनांचा प्रश्न अगदीच फालतू नाही, पण केएफएफ या आरोग्य धोरणाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या हिशोबानं सबसिडीवाल्यांचा सरासरी प्रीमियम वर्षाला ८८८ वरून १,९०४ डॉलरवर जाणार होता, तो फरक भरायचा कुणी ते सांगा की.

दुसरा हाउसिंग कौन्सेलर, म्हणजे घरकर्जाच्या अडचणीत सल्ला देणारा. हुडच्या (केंद्र सरकारचं गृहनिर्माण खातं) साइटवर मान्यताप्राप्त एजन्सींची यादी आहे, घर वाचवायच्या सल्ल्याला पैसे घेत नाहीत. कुणी आगाऊ फी मागितली तर फोन ठेवून द्या. आमचे दोन हप्ते थकले होते आणि लोन सर्व्हिसर, म्हणजे कर्जाचे हप्ते गोळा करणारी कंपनी (नाव नको), दर वेळी नवा माणूस देऊन कागद मिळालेच नाहीत म्हणायचा. कौन्सेलरने हार्डशिप लेटर (अडचण का आली त्याचं पत्र), बँक स्टेटमेंट, महिन्याच्या खर्चाचा तक्ता एकाच पॅकेटमध्ये पाठवायला लावला, मग आम्हाला लाइनवर घेऊन स्वतः सर्व्हिसरला फोन केला, अपलोडची तारीख वेळ वाचून दाखवली. पलीकडे एकदम शांतता, मग कागद सापडले! १२० दिवस थकल्याशिवाय फोरक्लोजर (कर्जापायी घराची जप्ती) सुरू करता येत नाही, आणि आमच्या राज्यात घर विकायच्या आधी काउंटीच्या क्लर्क ऑफ कोर्टसमोर सुनावणी लागते, हे त्याच्याकडूनच कळलं, झोप लागली त्या रात्री. शेवटी थकलेले हप्ते कर्जाच्या शेवटाला नेऊन ठेवले, त्यावर व्याज नाही.

आता ग्रुपवर कुणीतरी म्हणणारच, आम्ही हप्ते वेळेवर भरले, दुसऱ्याचं का भरायचं. जुनंच आहे हे. ओबामांची मॉर्टगेज मदत जाहीर झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, १९ फेब्रुवारी २००९ ला, सीएनबीसीवर त्यांचा वार्ताहर रिक सँटेली शिकागोच्या ट्रेडिंग फ्लोअरवरून ह्याच मुद्द्यावर कडाडला होता आणि त्यातून टी पार्टी या सरकारी खर्चाविरुद्धच्या चळवळीला हवा मिळाली. पुढच्याच वर्षी २८ लाखांवर घरांना फोरक्लोजरच्या नोटिसा लागल्या. त्यातली सगळीच काय उधळी नव्हती, नोकरी गेलेलीही पुष्कळ होती.

नॅव्हिगेटरला पाच स्टार, कौन्सेलरला साडेचार (ऑफिस शनिवारी बंद), सर्व्हिसरला एकही नाही. एच-वन व्हिसावाल्यांनो, तुम्हाला ही सबसिडी २०२६ मध्ये मिळू शकते पण १ जानेवारी २०२७ पासून बंद, तेव्हा २०२६ च्या प्रीमियमवर २०२७ चं बजेट करू नका.